स्मृती राइड: आधी घर, मग ग्रुप, मग रस्ता

ग्रुपमधला एखादा सायकलवाला मित्र गेला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी लिहितं, ‘रविवारी त्याच्यासाठी राइड काढू या.’ हेतू चांगलाच असतो, गडबड होते ती क्रमात. आधी पोस्ट पडते, मग रस्ता ठरतो, मग बॅनर छापायला जातो, आणि घरच्यांना विचारायचं राहिलंच हे शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं.

आमची पहिली स्मृती राइड अशीच फसली. पाचव्याच दिवशी निघालो. पुढचे दहा-बारा जण सवयीने सुसाट गेले, मागचे एक वळण चुकले, आणि शेवटच्या ठिकाणी त्याची बायको आणि मुलगी पाऊण तास उन्हात आमची वाट पाहत उभ्या राहिल्या. बॅनरवरचा फोटो त्याच्या आजारपणातला होता, कारण कुणाच्या तरी फोनमध्ये पटकन तोच सापडला. त्यानंतर अशा आणखी राइड काढाव्या लागल्या. खालचा क्रम त्या चुकांमधून आलेला आहे. वेळ कमी असेल तर पहिला आणि चौथा टप्पा तरी सोडू नका.

## टप्पा १: घरच्यांशी बोलणारा एकच माणूस ठरवा

पहिले दोन-तीन दिवस ग्रुपवर काहीही जाहीर करायचं नाही. ॲडमिनने एवढंच लिहावं: बातमी खरी आहे, घरच्यांशी अमुक एक जण बोलतो आहे, बाकीच्यांनी फोन करू नये.

हा ‘अमुक एक जण’ त्याचा सर्वांत जवळचा मित्रच हवा असं नाही. ज्याला घरचे चेहऱ्याने आणि नावाने ओळखतात, तो बरा. सायकलवाल्यांचं एक विचित्र असतं. वर्षानुवर्षं पहाटे सोबत असतात, पण एकमेकांच्या घराचा उंबरा कधी ओलांडलेला नसतो. घरच्यांच्या लेखी आपण सगळे मिळून ‘ते सायकलवाले’. म्हणून आपण कोण, हे आधी नीट सांगायचं. पहिला फोन साधारण असा:

‘वहिनी, मी सायकल ग्रुपमधला. रविवारी पहाटे खाली लाल सायकल घेऊन थांबायचो तो. आज काही ठरवायला फोन केलेला नाही. आम्हाला सगळ्यांना त्याच्यासाठी एक राइड काढावीशी वाटतेय. तुम्हाला चालेल का, ते पुढच्या आठवड्यात विचारीन. तोवर आमच्यापैकी कुणी कुठे काही टाकणार नाही.’

एवढं बोलून फोन ठेवा. दुसऱ्या फोनवर, तेही त्यांची तयारी दिसली तरच, पाच गोष्टी विचारून लिहून घ्या:

१. राइड काढलेली चालेल का? घरात कुणाला नको आहे का?
२. मृत्यूचं कारण बाहेर किती सांगायचं? काहीच सांगायचं नसेल तर ‘आपला मित्र गेला’ एवढं पुरतं.
३. फोटो कोणता वापरायचा?
४. घरातलं कुणी येणार आहे का? सायकलवर, की थेट शेवटच्या ठिकाणी?
५. ग्रुपमधलं त्याचं टोपणनाव घरच्यांना ठाऊक आहे का, आणि ते सगळ्यांसमोर घेतलेलं आवडेल का?

पाचवा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आम्ही ज्याला वर्षानुवर्षं ‘पंक्चर’ म्हणत होतो त्याच्या आईला ते नाव पहिल्यांदा माइकवरून ऐकावं लागलं.

इशारा: त्याचा फोन अजून घरात चालू असतो आणि ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज तिथे वाजतो. ‘हेल्मेट घातलं होतं का?’, ‘इतक्या अंधारात कशाला गेला?’ हे सगळं घरातलं कुणीतरी वाचत असतं. अशी चर्चा त्या ग्रुपवर तर नकोच, वेगळ्या ग्रुपवरही जपून.

त्याचा नंबर ग्रुपमधून लगेच काढू नका. कधी काढायचा ते घरच्यांना विचारा. मात्र कायमचा ठेवण्यातही अर्थ नाही. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. एखाद्या सकाळी त्याच्या नावापुढे अनोळखी माणसाचा फोटो दिसण्यापेक्षा घरच्यांना सांगून वेळेत काढलेला बरा.

## टप्पा २: अपघात असेल तर वस्तूंना हात लावू नका

मृत्यू आजाराने झाला असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

रस्त्यावरच्या अपघातात सायकल, हेल्मेट, दिवे, सायकल-कॉम्प्युटर, कॅमेरा, कपडे या सगळ्या गोष्टी तपासासाठी आणि विम्यासाठी पुरावा असतात. मित्र काय करतात? रक्त-माती दिसू नये म्हणून सायकल धुतात, वाकलेलं चाक सरळ करतात, चेन बसवतात. भावना समजते, पण तसं करू नये. आहे त्या अवस्थेत चारी बाजूंनी फोटो काढा, सायकल कुणाच्या ताब्यात आहे ते लिहून ठेवा आणि तिथेच थांबा.

कॅमेरा चालू करून ‘बघू काय आहे’ असं करू नका. अनेक कॅमेरे कार्ड भरलं की जुन्या चित्रणावरच नवं चित्रण करतात. सायकल-कॉम्प्युटरमधली नोंद अपुरी थांबलेली असते, आणि चुकीचं बटण दाबलं तर ती पुसली जाऊ शकते. त्या नोंदीत कोणत्या सेकंदाला तो कुठे आणि किती वेगात होता ते असतं.

त्या दिवशी जे सोबत होते त्यांनी प्रत्येकी स्वतंत्र बसून आपापलं लिहून काढावं, एकमेकांशी बोलण्याआधी. दहा वेळा एकत्र बोलून झालं की कुणी स्वतः काय पाहिलं आणि कुणाकडून काय ऐकलं हे वेगळं काढता येत नाही. तो कागद तपास करणाऱ्यांकडे किंवा घरच्यांच्या वकिलांकडे द्या, ग्रुपवर टाकू नका. आणि स्मृती राइडच्या भाषणात चूक कुणाची यावर एक अक्षरही नको. ज्याची सुनावणी व्हायची आहे ते माइकवरून बोलायचं नसतं.

तपासणी: सायकल आणि इतर वस्तू कुणाकडे आहेत, हे दोन माणसांना नक्की माहीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आठवणी गोळा करा, रस्ता ठरवण्याच्याही आधी

इथे बहुतेक सगळे चुकतात. आठवणी या शेवटी वाचून दाखवायची गोष्ट आहे असं समजून त्या आदल्या रात्री मागवतात. खरं तर त्या आधी हाताशी लागतात, कारण राइड कुठून जायची, कुठे थांबायची, किती वेगात जायची आणि कोण बोलणार हे त्यांच्यावरूनच ठरतं.

‘त्याच्याबद्दल दोन शब्द लिहा’ असं सांगू नका. तसं सांगितलं की सगळे एकच लिहितात: हसतमुख, दिलदार, सदैव मदतीला तयार. हे खरं असेलही, पण ते कुणाबद्दलही लिहिता येतं. नेमके प्रश्न विचारा:

– तो चढावर काय करायचा? गप्प व्हायचा, गाणं म्हणायचा, शिव्या द्यायचा?
– त्याच्या सायकलचा कोणता आवाज लांबून ओळखू यायचा?
– तुम्हाला पंक्चर झालं तेव्हा तो थांबला होता का? काय म्हणाला?
– राइडच्या आदल्या रात्री तो कोणता मेसेज हमखास टाकायचा?
– तुमचं त्याच्याशी कधी बिनसलं होतं का? कशावरून?
– त्याच्याकडून शिकलेली आणि आजही तुम्ही करता अशी एक गोष्ट?

शेवटून दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. कुणी लिहितं, ‘तो नेहमी उशिरा यायचा आणि दर वेळी घड्याळालाच दोष द्यायचा.’ अशा वाक्यात तो माणूस दिसतो. सगळ्या आठवणी गोड असल्या की ऐकणाऱ्याला संशय येतो की हे नक्की कुणाबद्दल चाललंय. अर्थात मिळालेलं सगळं जाहीर वाचायचं नसतं. घरच्यांना दुखवेल, पैशाचा किंवा आजाराचा उल्लेख येईल, असं बाजूला ठेवा. शंका असेल तर घरी विचारा.

उत्तरं आवाजात मागितली तर जास्त मिळतात. ज्याला चार ओळी लिहायचा कंटाळा येतो तो फोनवर सात मिनिटं बोलतो. ती नोंद जपून ठेवा. आणि मितभाषी लोकांना वगळू नका. सतत मागे राहून त्याच्याबरोबर जाणाऱ्या माणसाकडे पुढच्यांपेक्षा किती तरी जास्त साठा असतो, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

फोटोंचं वेगळं सांगावं लागतं. मेसेजवरून साधा फोटो पाठवला की तो आकसतो. फोनवर बरा दिसतो, छापला की फुटतो. म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा किंवा ड्राइव्हवर सामायिक फोल्डर करा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी पाठवणाऱ्याचं नाव असावं. म्हणजे सगळे फोटो आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. फोटोत कोण कोण आहे ते तेव्हाच विचारून लिहा, दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

तुम्ही त्याच्याबरोबर केलेल्या राइडच्या नोंदी तुमच्या स्वतःच्या खात्यात असतातच. त्या जीपीएक्स फाइल (रस्ता आणि वेळ साठवणारी फाइल) म्हणून उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. त्याच्या खात्यात शिरू नका, पासवर्ड माहीत असला तरी. त्या खात्याचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवायचं.

तपासणी: जमा झालेल्या आठवणींमधून त्याला कधीही न भेटलेल्या माणसाला तो ओळखू येईल का? एकाला वाचायला देऊन बघा.

## टप्पा ४: दिवस, रस्ता, वेग

दिवस ठरवताना पहिल्या आठवड्याचा मोह टाळा. घरात तेव्हा माणसांची वर्दळ असते आणि कुणाचं मन थाऱ्यावर नसतं. तीन-चार आठवड्यांनी घर रिकामं होतं, फोन थांबतात. राइड तेव्हा झाली तर घरच्यांनाही जास्त पोहोचते. हे माझं मत. घरच्यांना लवकर हवी असेल तर लवकर करा.

रस्ता त्याचा हवा, तुम्हाला आवडणारा नाही. तो ज्या घाटाला नेहमी टाळाटाळ करायचा तो घाट ‘श्रद्धांजली म्हणून’ घेऊ नका. त्याची रोजची सपाट फेरी असेल तर तीच घ्या. सोबत दोन अंतरं ठेवा: एक वीस-पंचवीस किलोमीटरचं आणि एक पाच-सहा किलोमीटरचं. छोटं अंतर घरच्यांसाठी, मुलांसाठी आणि ज्यांनी वर्षभर सायकल बाहेर काढलेली नाही त्यांच्यासाठी. दोन्हींचा शेवट एकाच जागी, शक्यतो एकाच वेळी.

वेगाबद्दल एक जुनं उदाहरण कामाचं आहे. रस्त्यावर मरण पावलेल्या सायकलस्वारांसाठी ‘राइड ऑफ सायलेन्स’ २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये सुरू झाली. मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी ७ वाजता ती अनेक देशांत निघते. तिथला नियम आहे ताशी १२ मैलांच्या आत, म्हणजे साधारण १९ किलोमीटर. मिश्र गटासाठी मी त्याहून कमी, ताशी १६ धरतो. मुलं असतील तर १२.

आता वेळेचा हिशोब मांडा. २५ किलोमीटर ताशी १६ ने म्हणजे साधारण ९५ मिनिटं. दहा-दहा मिनिटांचे दोन थांबे. एक पंक्चर तर होणारच, त्याची पंधरा मिनिटं. झाली १३० मिनिटं. घरच्यांना सांगायची वेळ ‘दीड तासात येतो’ ही नाही, सव्वादोन तासांची आहे. आमची चूक नेमकी इथे झाली होती. आम्ही नेहमीच्या वेगाने हिशोब केला आणि थांबे धरलेच नाहीत.

ठरलेला रस्ता त्याच वाराला, त्याच वेळी एकदा चालवून पाहा. रविवारी सकाळी मोकळा असलेला रस्ता शनिवारी संध्याकाळी ओळखू येत नाही. पाहायचं काय? समोरून येणारी वाहनं ओलांडून घ्यावी लागणारी वळणं जितकी कमी तितकं चांगलं. सिग्नलला गट तुटला तर पुढचे कुठे थांबतील? थांब्यांवर सगळ्यांच्या सायकली रस्त्याबाहेर मावतील का?

इशारा: अपघाताच्या जागी थांबायचं का, हे घरच्यांना विचारून ठरवा. थांबायचं ठरलं तरी ऐन जागेवर नाही. जिथे एकाला धडक बसली, तिथे पन्नास जण डोळे पुसत उभे राहणं धोक्याचं आहे. अलीकडे-पलीकडे रस्ता सोडून उभं राहता येईल अशी जागा शोधा.

गट मोठा असेल किंवा रस्ता अडणार असेल तर स्थानिक पोलिसांना आधी लेखी कळवा. परवानगी लागते की नुसती सूचना पुरते, ते तिथेच विचारा.

## टप्पा ५: कुणाकडे काय

सर्वांत जवळच्या मित्राला पुढे ठेवायचं, ही नैसर्गिक वाटणारी चूक. त्या दिवशी त्याचे डोळे भरलेले असतात, हात थरथरतो, मागे लक्ष नसतं. पुढे असा माणूस हवा ज्याचा वेग घड्याळासारखा एकसारखा राहतो. त्याचं गेलेल्या मित्राशी फारसं सख्य नसलं तरी चालेल. जवळच्या मित्राला मधे ठेवा, दोन्ही बाजूंना माणसं असू द्या.

गट दहा-बारा जणांचे करा. बारा जण जोडीजोडीने गेले तर रांग साधारण वीस मीटरची होते, मागच्या गाडीला ओलांडून जाता येतं. साठ जण एकत्र गेले तर शंभर मीटर. मग गाडीवाले चिडतात आणि मधेच घुसतात. दोन गटांत गाडी मावेल एवढं अंतर ठेवा. जिथे शेजारी-शेजारी चालवायला मनाई आहे किंवा रस्ता अरुंद आहे, तिथे एकेरी रांग.

प्रत्येक गटाला पुढे एक, मागे एक. सगळ्यांत शेवटी स्वीप, म्हणजे ज्याच्या मागे कुणीही राहू शकत नाही असा माणूस. त्याच्याकडे पंप, दोन मापांच्या ट्यूब, प्रथमोपचाराची पेटी आणि घरच्यांसोबत थांबलेल्या माणसाचा नंबर. घरच्यांसोबत थांबणारा हा माणूस फार महत्त्वाचा. तो राइड करत नाही. ‘आता अमुक ठिकाणी पोहोचलेत, वीस मिनिटं लागतील’ एवढं सांगत राहणं हे त्याचं काम.

रिकामी जागा ठेवायची असेल तर पहिल्या ओळीत दोघांऐवजी एकच माणूस ठेवा, शेजारी मोकळं. याहून जास्त काही करावं लागत नाही. त्याची सायकल एका हाताने धरून दुसरी चालवायची कल्पना दर वेळी कुणीतरी मांडतं. अजिबात नको. एका हाताने ब्रेक अर्धाच लागतो, सोबतची सायकल खड्ड्यात वळते आणि मागची सगळी रांग पडते. ती सायकल गाडीच्या रॅकवर घालून शेवटच्या ठिकाणी आधीच नेऊन उभी करा.

पुढे राहण्याचा मान सगळ्यांना द्यायचा असेल तर पाळ्या लावा. मे २०११ मध्ये इटलीच्या जिरो शर्यतीत वाउटर वेलांट हा बेल्जियमचा स्वार उतारावर पडून गेला. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली नाही. संघांनी साधारण दहा-दहा मिनिटं आळीपाळीने पुढे राहत ते अंतर सावकाश कापलं आणि शेवटची रेषा त्याच्या संघातल्या सोबत्यांना एकत्र ओलांडू दिली. हौशी ग्रुपला हे सहज जमतं. फक्त पाळी बदलायची ती थांब्यावर, चालत्या रांगेत नाही. नवखे असतात.

तपासणी: प्रत्येकाला आपली जागा आणि आपल्या पुढचा-मागचा माणूस माहीत आहे का?

## टप्पा ६: बोलणं

तीन माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं. सावकाश बोललं तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द मावतात. कागदावर लिहून आणा, मोठ्या अक्षरात. फोनवरून वाचू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि भरल्या डोळ्यांनी तर अजिबात नाही. प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्याकडे द्या. आवाज अडकला तर त्याने पुढचं वाचायचं. हे आधी ठरलेलं असलं की बोलणाऱ्यालाही धीर येतो.

तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्यात म्हणून कागद आधी एकाने वाचावेत. आमच्याकडे एकदा तिघांनीही तोच पावसाळ्यातला फजितीचा किस्सा सांगितला. तिसऱ्या वेळी हसणारा कुणी उरला नव्हता.

‘शेवटपर्यंत झुंजला’, ‘आवडतं काम करताना गेला’ ही वाक्यं गाळा. दुसरं तर अपघातात गेलेल्याच्या आईसमोर बोलूच नये. घरच्यांना बोलायला आग्रह करू नका. आयत्या वेळी त्यांना वाटलं तर माइक द्या.

## टप्पा ७: राइडच्या दिवशी

१. जमण्याची वेळ निघण्याच्या अर्धा तास आधीची. हवा, ब्रेक, चेन प्रत्येकाने तपासावी. महिनोन् महिने पडून असलेल्या सायकली त्या दिवशी बाहेर निघतात, त्यामुळे ही तपासणी नेहमीपेक्षा जास्त गरजेची.

२. निघण्याआधी पाच मिनिटांची सूचना: वेग, थांबे, कुणी पुढे जायचं नाही, नोंदीच्या ॲपवर वेळ गाठायची स्पर्धा नाही. ज्याला मधेच परत जावंसं वाटेल त्याने स्वीपला सांगून जावं.

३. मौन ठेवायचं असेल तर खुणा आधी करून दाखवा. नेहमी आपण ‘खड्डा!’, ‘मागून गाडी!’ असं ओरडतो. मौनात ते बंद होतं आणि लोक खड्ड्यात जातात. खड्ड्याकडे बोट, थांबण्यासाठी हात वर, अडथळा असेल तर पाठीमागे हात नेऊन त्या बाजूचा इशारा. आणि जिवावर बेतणारं काही असेल तर मौन मोडून ओरडायचंच, हे स्पष्ट सांगा. पूर्ण रस्ता मौन नकोच. शेवटचे दोन-तीन किलोमीटर पुरेत. बाकी वेळ लोकांना बोलू द्या, तोही बोलतच चालवायचा.

४. शेवटच्या थांब्यापासून सगळे गट एकत्र या आणि छोट्या अंतरावरून येणाऱ्यांची वाट पाहा. घरातलं कुणी सायकलवर असेल तर शेवटचा टप्पा त्यांच्या वेगाने, त्यांच्या मागे.

५. पोहोचल्यावर सायकली आधी लावा, हेल्मेट काढा, पाणी प्या, मग बोलणं सुरू करा. धापा टाकणाऱ्या माणसांसमोर पहिलं भाषण वाया जातं.

इशारा: व्हिडिओ एकानेच काढायचा. घरच्यांच्या रडण्याचा कुणीही नाही.

## टप्पा ८: पांढरी सायकल ठेवायची असेल तर

अपघाताच्या जागी पांढरी रंगवलेली सायकल उभी करायची रीत २००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसमधून पसरली. ती रस्त्यावरच्या अपघातासाठीच आहे. आजाराने गेलेल्या मित्रासाठी ती ठेवली तर पाहणाऱ्याचा गैरसमज होतो.

जागेची मालकी कुणाची ते शोधा आणि परवानगी मागा. पादचाऱ्यांची वाट अडता कामा नये, वळणावर कुणाची नजर अडता कामा नये. सायकल भंगारातली घ्या, त्याची स्वतःची कधीच नाही. चेन, केबल, ब्रेक, गियर काढून टाका. म्हणजे चोरण्यासारखं काही उरत नाही आणि गंज कमी धरतो. काचकागदाने घासा, प्रायमर मारा, तो पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात, टायर आणि सीटसकट. एकच जाड हात मारला तर पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. साखळीने बांधा आणि किल्ली कुणाकडे ते लिहून ठेवा.

महिन्यातून एकदा जाऊन पुसणारा माणूस आहे का? नसेल तर ठेवू नका. फ्रान्समधल्या माँ व्हाँतू डोंगरावर १९६७ मध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन जिथे कोसळला, तिथल्या स्मारकापाशी सायकलवाले बाटल्या आणि टोप्या ठेवून जातात. आपल्या रस्त्याच्या कडेला ठेवलेली तीच बाटली आठवड्याभरात कचरा होते.

## टप्पा ९: त्याची सायकल, त्याचं सामान

घरच्यांनी विचारल्याशिवाय ‘सायकलचं काय करणार?’ हा प्रश्न काढू नका. त्यांना ठेवायची असेल तर ठेवायची पद्धत सांगा: चाकांवर भार न येता टांगून किंवा स्टँडवर, उन्हापासून दूर. मागचे-पुढचे दिवे आणि इलेक्ट्रॉनिक गियरची बॅटरी काढून अर्धी चार्ज करून वेगळी. ट्यूबलेस टायर असेल तर आतला सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकतो, ते आधीच सांगा, म्हणजे वर्षाने टायर बसलेला पाहून कुणी घाबरणार नाही. सीटची उंची मात्र बदलू नका. दांड्याला टेप लावून खूण करा. घरातल्या कुणाला पुढे ती चालवायची झाली तर उंची बदलावी लागेलच, पण त्याची उंची परत सापडेल.

द्यायची असेल तर ज्याच्या मापाची आहे त्यालाच. भावनेच्या भरात दोन मापं मोठी सायकल घेऊन कुणी चालवत नाही, ती गॅलरीत पडून राहते. अपघातातली कार्बनची फ्रेम वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, ती कुणालाही चालवायला देऊ नका. हेल्मेटही नाही. त्याचा फोम एकदाच मार खाण्यासाठी असतो.

## टप्पा १०: पुढच्या वर्षी

दर वर्षी राइड काढणार अशी घोषणा पहिल्याच वर्षी माइकवरून करू नका. दुसऱ्या वर्षी निम्मे येतात, तिसऱ्या वर्षी सहा जण, आणि घरचे मात्र दारात वाट पाहत असतात. आधी दुसरं वर्ष येऊ द्या. तारीख तो गेला त्याच दिवसाची हवी असंही नाही. त्याचा वाढदिवस, किंवा तो ग्रुपबरोबर पहिल्यांदा आला तो रविवार मला जास्त बरा वाटतो. जीपीएक्सच्या जुन्या नोंदींमध्ये ती तारीख सापडते.

तोवर ग्रुपमध्ये त्याला न भेटलेले नवे लोक आलेले असतात. निघण्याआधी त्यांना दोन मिनिटं सांगा, तिसऱ्या टप्प्यात जमवलेल्या आठवणींमधली एकच. राइड बंद करायची वेळ आली तर गुपचूप बंद पडू देऊ नका. ज्याने पहिला फोन केला होता त्यानेच घरी जाऊन सांगावं, आणि जाताना फोटो, आवाजाच्या नोंदी आणि राइडच्या फाइल एका पेन ड्राइव्हवर घालून न्याव्यात. देण्याआधी ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. एक प्रत ग्रुपकडे ठेवा.